रोजच्या जगण्यातल्या सकारात्मक भावना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकारात्मक भावना जोपासा म्हणजे "नेहमी आनंदी राहा" असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. भावना ही काही सेकंदांची, फार तर काही मिनिटांची गोष्ट असते. ऐन उकाड्यात वाऱ्याची झुळूक येते आणि बरं वाटतं. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि हायसं वाटतं. तव्यावरचा फुलका टम्म फुगतो आणि उगीचच मजा वाटते. दिवसभर टिकणारा आनंद कुणाच्याच वाट्याला येत नाही, त्यामुळे तो मिळत नाही म्हणून स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. जोपासायचं म्हणजे असे छोटे क्षण दिवसात वारंवार यावेत अशी तजवीज करायची, आणि ते आले की त्यांच्याकडे लक्ष द्यायचं.

"सकारात्मक विचार करा" हा सल्ला वेगळा आहे. विचार डोक्यात ठरवून आणता येतो, भावना तशी आणता येत नाही. तिच्यासाठी फक्त जागा करून ठेवता येते. या पानावरचे बहुतेक उपाय ही जागा करण्याचेच आहेत.

यात नेमक्या कोणत्या भावना मोडतात?

या विषयात सर्वांत जास्त काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिक्सन दहा भावना सांगतात: आनंद, कृतज्ञता, प्रसन्न शांतता, उत्सुकता, आशा, अभिमान, गंमत, प्रेरणा, विस्मय आणि प्रेम. मराठीत याहून बारीक छटा आहेत आणि त्या वापराव्यात. हुरूप येणं, हायसं वाटणं, कौतुक वाटणं, मोकळं वाटणं, मन भरून येणं, उमेद वाटणं, जिव्हाळा, समाधान. "आज छान वाटलं" असं म्हटलं की हाती काहीच लागत नाही. "आज हुरूप आला" म्हटलं की लगेच कळतं, अडलेलं काम पुढे सरकलं म्हणून आला. "मोकळं वाटलं" म्हटलं की आठवतं, मनातलं कुणाशी तरी बोललो होतो. नेमका शब्द सापडला की ती भावना कशातून आली हे कळतं, आणि तेच पुन्हा करता येतं.

पण क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय?

भीती किंवा राग आला की लक्ष आक्रसतं. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की फक्त ट्रक दिसतो, रस्त्याकडेचं झाड दिसत नाही. ते योग्यच आहे, कारण त्या क्षणी जीव वाचवायचा असतो. मन निवांत किंवा प्रसन्न असलं की याच्या उलट घडतं. नजर फिरते, चार पर्याय सुचतात, अनोळखी माणसाशी बोलावंसं वाटतं. फ्रेड्रिक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: सकारात्मक भावनांनी मनाचा आवाका वाढतो आणि वाढलेल्या आवाक्यात माणूस जे करतो त्यातून शिदोरी जमते.

या शिदोरीचं एक उदाहरण घ्या. जिन्यात शेजाऱ्याच्या कुंडीतली अबोली पाहून उत्सुकता वाटते, म्हणून तुम्ही दोन मिनिटं थांबून विचारता. ती उत्सुकता दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत विरून जाते. ओळख मात्र राहते, आणि कधीतरी मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा त्याच दाराची बेल वाजवायला संकोच वाटत नाही.

ॲलिस आयसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही हेच दाखवतो. मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेला डबा एवढ्या सामानात जमिनीवर मेण न सांडता मेणबत्ती भिंतीला लावायची होती. उत्तर असं, की टाचण्या काढून रिकामा डबाच भिंतीला टोचायचा आणि त्याचा स्टँड करायचा. आधी विनोदी फिल्मचा तुकडा पाहिलेल्यांपैकी जास्त जणांना हे सुचलं. म्हणून अडलेल्या प्रश्नावर घरात बोलायचं असेल तर भांडण पेटलेलं असताना बोलू नका, जेवणानंतर सगळे निवांत असताना बोला.

तब्येतीला फायदा होतो का?

होतो, पण सांगितला जातो तेवढा सरसकट नाही. इथे जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी ज्याबद्दल पुरावा चांगला आहे ते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अचानक सांगितलं की थोड्या वेळात तुम्हाला भाषण करायचं आहे. साहजिकच छाती धडधडायला लागली, रक्तदाब चढला. मग त्यांना चारपैकी एक छोटी फिल्म दाखवली: गमतीची, शांत समाधानाची, कोरडी किंवा दुःखी. गमतीची आणि समाधानाची फिल्म पाहिलेल्यांचं हृदय सर्वांत लवकर पूर्ववत झालं, दुःखी फिल्म पाहिलेल्यांचं सर्वांत उशिरा. म्हणजे ताण येणं टळत नाही, पण तो लवकर उतरतो. परीक्षेहून, इंटरव्ह्यूहून किंवा साहेबांच्या बोलण्याने तापून घरी आलेल्या माणसाला लगेच "काय झालं, कसं झालं" न विचारता पाच-दहा मिनिटं हलकंफुलकं काही करू द्यावं, ते यासाठी.

दुसरं संशोधन सर्दीचं. शेल्डन कोहेन यांच्या २००३ च्या अभ्यासात ३३४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. एरवी ज्यांचा स्वभाव उत्साही, शांत आणि समाधानी होता त्यांना सर्दी कमी झाली. तिसरा अभ्यास अमेरिकेतल्या १८० कॅथलिक नन्सचा, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. तरुणपणी, सरासरी २२ व्या वर्षी, त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेल्या मजकुरात ज्यांच्याकडे सकारात्मक भावनांचे शब्द जास्त होते त्या जास्त वर्षं जगल्या.

आता दुसरी बाजू. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ब्रिटनमधल्या सात लाखांवर स्त्रियांच्या माहितीवरचा मोठा अभ्यास २०१५ च्या अखेरीस आला. आधीचं आजारपण आणि राहणीमान यांचा हिशोब केल्यावर आनंदी असण्याचा आयुर्मानावर वेगळा परिणाम त्यात दिसला नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारांवर रुग्णांचा २००७ चा अभ्यास सांगतो की रुग्ण मनाने किती बरा होता याचा तो किती जगला याच्याशी संबंध नव्हता.

म्हणून कॅन्सर झालेल्या माणसाला कृपया "पॉझिटिव्ह राहा, म्हणजे बरा होशील" म्हणू नका. आजार बळावला तर "मीच खचलो म्हणून झालं" हे ओझं तो वाहत बसतो. त्याचा आजचा दिवस बरा जावा, वेदनेतही एखादी तास-दोन तासांची मजा वाट्याला यावी, हे स्वतःच पुरेसं मोलाचं आहे. त्याला बरं होण्याचं साधन बनवू नये. आणि बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या कुठल्याही मनाच्या व्यायामाने बंद होत नाहीत.

एका वाईट अनुभवामागे तीन चांगले हवेत असं ऐकलंय. खरं का?

हा आकडा विसरा. २००५ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी गणिती समीकरणांवरून सुमारे २.९ ला १ असं प्रमाण मांडलं. २०१३ मध्ये निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी ते गणित निराधार असल्याचं दाखवलं आणि समीकरणांचा तो भाग मागे घेतला गेला. व्हॉट्सॲपवर मात्र तो आकडा अजून फिरतो. त्यातलं टिकणारं एवढंच: वाईट गोष्ट चांगल्या गोष्टीपेक्षा मनावर जास्त ठसते, त्यामुळे एका मोठ्या आनंदापेक्षा बरेच छोटे क्षण उपयोगी पडतात.

सुरुवात कशी करायची?

एक वही घ्या. तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा हा व्यायाम मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासला. एक आठवडा करणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांनंतरही फरक दिसला, पण मुख्यतः आठवडा संपल्यावर आपणहून तो चालू ठेवणाऱ्यांमध्ये.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, कारण तो हातात आला की मेसेज दिसतात. दुरेघी शाळेची वही चालेल. आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीखाली एका ओळीत लिहायचं, "हे का घडलं?" ही दुसरी ओळ लोक गाळतात आणि सगळा व्यायाम तिथेच फुकट जातो, कारण खरं काम तीच करते.

बहुतेक वह्यांत पहिल्या दिवशी असं काहीतरी असतं: "तब्येत चांगली आहे. घर चांगलं आहे. मुलं चांगली आहेत." याने मनात काहीच हलत नाही, कारण हे कालही खरं होतं आणि उद्याही असेल. आता हे पाहा:

"नळाला पाणी सहाऐवजी साडेपाचलाच आलं. मी बाहेर होते, पण वरच्या काकूंनी आमचा पिंप भरून ठेवला. का? गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेला मी दवाखान्यात सोबत केली होती, ते त्या विसरल्या नाहीत."

दुसऱ्या नोंदीत वेळ आहे, माणूस आहे, वस्तू आहे. लिहिताना प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहतो. "का" लिहिलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: मी काहीतरी केलं होतं, किंवा कुणीतरी माझ्यासाठी केलं. दोन्ही उत्तरं मनाला बळ देतात.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. "शेजाऱ्यांसारखं आमच्याकडे भांडण नाही" अशी नोंद लिहितो. ती कृतज्ञता नाही, तुलना आहे, आणि आपल्यापेक्षा सुखी माणूस दिसला की तीच तुलना उलटते. तुलनेची नोंद सुचली तर खोडा, तीच गोष्ट दुसऱ्याचं नाव न घेता लिहा.

फार वाईट दिवस असेल तर एकच गोष्ट लिहा. "डाळीला फोडणी बरी बसली" एवढीही पुरे. तीनचा आकडा गाठायला ओढूनताणून लिहू नका.

चार-पाच दिवसांत वहीचा कंटाळा येतो. मग?

येणारच. मन कोणत्याही चांगल्या गोष्टीला सरावतं. नव्या फ्रिजचं कौतुक महिन्याभरात संपतं, वहीचंही तसंच. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना सहा आठवड्यांच्या प्रयोगात आढळलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. कृतज्ञतेवरचा रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांचा २००३ चा अभ्यास गाजला, त्यातल्या एका गटानेही दहा आठवडे आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं.

आमचा सल्ला असा: पहिले सात दिवस रोज लिहा, म्हणजे नजर तयार होते. त्यानंतर आठवड्यातून एकच दिवस, ठरलेला. रविवारी दुपारी जेवणानंतर बऱ्याच जणांना जमतं. आणि दर महिन्याला प्रश्न बदला. एक महिना "कुणी माझ्यासाठी काय केलं", पुढच्या महिन्यात "कशाचं नवल वाटलं", त्यानंतर "कशात हुरूप आला".

सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. अशांनी काय करावं?

वेगळा वेळ काढू नका. रोज होणारी एक गोष्ट निवडा आणि तिच्यातली फक्त तीन मिनिटं वापरा. चहा सर्वांत सोपा.

कप भरला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उभ्याने नको, बसा. कप दोन्ही हातांत धरा आणि पहिला घोट घ्यायच्या आधी वास घ्या: आलं आहे, गवती चहा आहे, की वेलदोडा? पहिला घोट तोंडात जरा थांबू द्या. मग खिडकीबाहेर किंवा ओट्यावर जे दिसतं त्यातली एक गोष्ट नीट पाहा. कपाच्या कडेला बसलेली साय, वाफेत दिसणारी उन्हाची तिरीप, काहीही. मन मुलाच्या डब्याकडे धावेल. धावू द्या, पुढच्या घोटाला परत आणा. उरलेला चहा नेहमीसारखा घाईत प्यायलात तरी चालेल.

यात बिघडतं ते एका कारणाने. मधेच "याचा स्टेटस टाकू" असा विचार येतो. त्या क्षणापासून तुम्ही चहा पीत नसता, चहा पिताना कसे दिसू याचा विचार करत असता.

चहा पीत नसाल तर आंघोळीचा पहिला तांब्या, लोकलमध्ये खिडकीतून येणारा वारा, देवापुढे उदबत्ती लावल्यावरचं अर्धं मिनिट. वेळ नेहमी तीच ठेवा, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही.

चालायला जाते. त्यात काही बदल करता येईल का?

हो. आठवड्यातून एक दिवस, पंधरा मिनिटं, विस्मयाचा फेरफटका. व्हर्जिनिया स्टर्म यांच्या २०२० च्या अभ्यासात वयस्कर मंडळींनी आठ आठवडे असं केलं आणि त्यांच्यात आपुलकी, कृतज्ञता अशा भावना वाढलेल्या आढळल्या. करायचं एवढंच: शक्यतो नव्या वाटेने जायचं, फोन खिशात ठेवायचा आणि आपल्यापेक्षा मोठं किंवा चकित करणारं काहीतरी शोधायचं. पारंब्या जमिनीत रुजलेला वड, जुन्या देवळाची दगडी दीपमाळ, संध्याकाळी एका रांगेत परतणारे बगळे. त्या दिवशी पावलं मोजू नका.

आमच्या घरात कुणी कुणाला "थँक्यू" म्हणत नाही. परकं वाटतं. कृतज्ञता व्यक्त कशी करायची?

बरोबर आहे. मराठी घरात आईला "आभारी आहे" म्हटलं तर ती "बरा आहेस ना?" असं विचारेल. आपल्याकडे आभार परक्याचे मानतात, घरच्यांचं कौतुक करतात. म्हणून कौतुकच करा, पण मोघम नको. "छान झालंय" हे सवयीचं वाक्य आहे, ते कानात शिरत नाही. "आज आमटीत कोकम घातलंस ना? शेवटचा भात त्याच्यासाठी खाल्ला" हे शिरतं. वडिलांना "तुम्ही गाडीत हवा भरून ठेवली होती, म्हणून वेळेत पोचलो" एवढं पुरतं. काय केलं आणि त्याने आपलं काय सोपं झालं, हे दोन्ही आलं पाहिजे.

समोर बोलायला जमत नसेल तर पत्र लिहा. ज्यांचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत अशा एका व्यक्तीला साधारण ३०० शब्द लिहायचे आणि स्वतः जाऊन वाचून दाखवायचे. सेलिगमन यांच्या २००५ च्या त्याच अभ्यासात सुरुवातीला सर्वांत मोठा परिणाम या भेटीचा दिसला, पण तो महिनाभरच टिकला. म्हणून हे वर्षातून एक-दोनदा करण्याचं काम आहे. शाळेतल्या बाईंपासून सुरुवात करा, आणि लवकर करा, कारण त्यांचं वय झालेलं असतं.

दुसऱ्याच्या आनंदात सहभागी व्हायचं म्हणजे काय करायचं?

शेली गेबल यांचं संशोधन सांगतं की नातं टिकण्यात आपण वाईट बातमीला कसं उत्तर देतो याइतकंच चांगल्या बातमीला कसं देतो हेही महत्त्वाचं असतं. मुलगी धावत येते: "बाबा, मला नाटकात घेतलं!" उत्तरं चार प्रकारची असतात.

"छान. हातपाय धू." हे उत्तर वाईट नाही, पण आनंद तिथेच विझतो.

"आणि सहामाहीचं काय? तालमीत महिना जाईल." काळजी खरी असते, पण ती दोन मिनिटांनी बोलता येते.

"आईला विचार, दूध आलं का." बातमी ऐकलीच गेली नाही.

"अरे वा! कुठलं काम मिळालं? बाईंनी काय करून घेतलं सगळ्यांकडून? मग तू काय केलंस?" या उत्तराने मुलगी तो प्रसंग पुन्हा जगते आणि पुढची बातमीही तुमच्याकडेच घेऊन येते.

सवय नसेल तर एकच नियम लावा: चांगली बातमी ऐकली की सल्ला देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. दुसऱ्याच्या सुखाने होणाऱ्या आनंदाला योगसूत्रांत "मुदिता" असा स्वतंत्र शब्द आहे, आणि मैत्री व करुणेसारखी तीही सरावाची गोष्ट मानली आहे.

दुसऱ्यासाठी काही केलं की बरं वाटतं म्हणतात. रोज एक चांगलं काम करावं का?

रोज एकापेक्षा आठवड्यातल्या एका दिवशी पाच कामं केली तर परिणाम जास्त जाणवतो, असं ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला आढळलं. रोजचं एक काम दिनक्रमात विरून जातं. पाच कामं मोठी नकोत: म्हाताऱ्या शेजाऱ्यांची औषधं आणणं, वॉचमनला थंड पाणी देणं, जुन्या मैत्रिणीला फोन करणं.

पण हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. जी बाई सकाळपासून सासू-सासरे, मुलं आणि ऑफिस सांभाळते तिला "आणखी पाच जणांसाठी कर" सांगणं अन्याय आहे. तिच्यासाठी योग्य उपाय म्हणजे आठवड्यातला एक तास फक्त तिचा, आणि त्या तासात स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात.

आरशासमोर "मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे" म्हणावं का?

ज्यांचा आत्मविश्वास आधीच कमी आहे त्यांनी म्हणू नये. जोआन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगात अशा लोकांना अशी वाक्यं घोकून आणखी वाईट वाटलं, कारण प्रत्येक वाक्याला आतून "खोटं!" असं उत्तर येतं. त्याऐवजी घडलेली गोष्ट म्हणा: "आज मी बँकेतलं काम एकटीने केलं." याला मन हरकत घेत नाही.

हास्यक्लबात जाऊन उगीच हसण्याने काय होतं?

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्ययोग सुरू केला आणि आज तो अनेक देशांत चालतो. सुरुवातीचं हसू ओढून आणलेलं असतं हे खरं. पण समोरच्याशी नजरानजर झाली की त्यातून खरं हसू फुटतं. शिवाय रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, मोकळी हवा, दीर्घ श्वास आणि चार ओळखीचे चेहरे, हेही त्यातच येतं. निवृत्त मंडळींसाठी हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा वाढलेली मूळव्याध असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोराच्या हसण्याने पोटावर ताण येतो.

फार आनंद झाला की भीती वाटते, आता काहीतरी वाईट होणार. दृष्ट लागेल असं वाटतं.

ही भावना फार घरांत आहे. "फार हसू नका, रडाल" हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा साधा असतो, कारण बहुतेक दिवस साधेच असतात. त्या फरकाला आपण शिक्षा समजतो. शिवाय आनंदानंतर वाईट घडलेलं लक्षात राहतं, काहीच न घडलेले शेकडो प्रसंग विसरले जातात. भीती वाटली तर तिच्याशी भांडू नका. मीठमोहऱ्या ओवाळून मन शांत होत असेल तर ओवाळा, आणि मग पेढे वाटा. आनंद लपवून ठेवणं एवढंच टाळा.

मग राग, दुःख गिळून टाकायचं का?

मुळीच नाही. पगार थकला असेल, घरात मारहाण होत असेल, कुणी अपमान करत असेल तर राग हाच योग्य भाव आहे आणि त्याने तक्रार करायचं बळ मिळतं. अशा माणसाच्या हाती कृतज्ञतेची वही देऊ नये. आणि "मी आनंदी आहे का?" हे दिवसातून दहादा तपासू नका. आनंदाला फार महत्त्व देणाऱ्यांना तो उलट कमी मिळतो, असं आयरिस मॉस यांच्या २०११ च्या संशोधनात दिसलं.

काहीच बरं वाटत नाही, आवडत्या गोष्टीतही नाही. हे उपाय करू का?

सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर हे नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता फोन करा आणि एकटे राहू नका.

उपचारांच्या जोडीला एक गोष्ट करता येते: आधी कृती, मग मन. इच्छा होण्याची वाट पाहू नका, ती आधी येणार नाही. इतकं छोटं काम निवडा की नाही म्हणता येऊ नये. "फिरायला जाईन" नको, "दुपारी चार वाजता चपला घालून फाटकापर्यंत जाईन" हवं. निघण्याआधी मनःस्थितीला शून्य ते दहापैकी गुण द्या, परत आल्यावर पुन्हा द्या. दोनचे तीन झाले तरी ते कागदावर दिसतं, आणि नैराश्यात मन जे सांगतं त्यापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवता येतो. वहीत कृतज्ञता लिहायला गेल्यावर "एवढं सगळं असून मी असा" अशी टोचणी लागत असेल तर वही सध्या बाजूला ठेवा.

फरक पडायला किती दिवस लागतात?

एका प्रसंगाचा परिणाम लगेच. सवयीचा साधारण सहा ते आठ आठवड्यांत, आणि तो तुमच्याआधी घरच्यांना कळतो. दोन महिन्यांत काहीच बदललं नाही तर व्यायाम बदला. वही न मानवणारे फेरफटक्यात रमतात.

घरात मृत्यू झाला आहे. अशा वेळी हसू आलं तर अपराधी वाटतं.

दहाव्या-तेराव्याला पाहुणे जमतात, आणि कुणीतरी सुरू करतं: "अण्णांनी एकदा पंढरपूरला दुसऱ्याच्याच चपला घातल्या होत्या..." सगळे हसतात. मग कुणाला तरी वाटतं, आपण हसलो कसे?

डाकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावलेल्यांचा याच अंगाने अभ्यास केला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार जाऊन सहा महिने झाल्यावर त्याच्याबद्दल बोलताना जे मनापासून हसले, त्यांचा मनस्ताप कमी होता आणि इतरांशी त्यांचे संबंध चांगले होते. हसण्याने दुःख कमी होत नाही. दोन हुंदक्यांच्या मधे श्वास घ्यायला मिळतो, आणि गेलेला माणूस शेवटच्या आजारपणातल्या चेहऱ्याने न आठवता त्याच्या खऱ्या स्वभावाने आठवतो.

हसू आलं तर हसा. आलं नाही तर कुणी आणायला लावू नये. अशा घरी भेटायला जाणाऱ्यांनी "आता सावरा" म्हणण्यापेक्षा त्या माणसाची एक खरी, छोटी आठवण घेऊन जावी, जी घरच्यांना माहीत नसेल. ती सांगून झाली की गप्प बसावं आणि ते बोलू लागले तर ऐकावं.